हप्ता : एक पेटी

अण्णा गेल्यावर पोटमाळ्यावरची ट्रंक उघडायला आम्हाला दीड वर्ष लागलं. वर आईची दोन नऊवारी, मग जुन्या पासबुकांचा गठ्ठा आणि तळाशी एक लांबट, शिवण सुटलेली वही. हिशेबाची असेल म्हणून मी बाजूला टाकणार होते. पण आत हिशेब नव्हताच. प्रत्येक पानाच्या डोक्यावर महिना आणि खाली अण्णांच्या तिरक्या अक्षरात असलं काहीबाही :

‘पिंपळाकडचे – मुंबईची मनीऑर्डर ७ ते १०. त्याआधी जाऊ नये.’

‘बांधाखालची – म्हैस दिवाळीत विणार. मग दूध.’

‘खारवीवाडा – नारळी पौर्णिमेनंतर दोन आठवडे थांबणे.’

गावात कुणाच्या घरी पैसा कधी येतो, याची ती वही होती.

अण्णा १९६२ साली मुंबईत एका खासगी बँकेत कारकून म्हणून लागले. १९ जुलै १९६९ ला ज्या १४ बँका सरकारी झाल्या, त्यात त्यांचीही होती. तेव्हा सगळ्या देशात मिळून बँकांच्या शाखा ८,२६२, आणि त्यातल्या बहुतेक शहरांत. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावाची बँक म्हणजे पोस्टमन. आजीची बँक म्हणजे भाताची कणगी. तिच्यात हात घातला की तांदळाआधी नोटा लागत, असं आत्या सांगते. (आत्या थोडं वाढवून सांगते.)

१९७४ मध्ये अण्णांनी स्वतः अर्ज करून गावाची शाखा मागितली. गिरगावातल्या चाळीत शेजाऱ्यांनी आईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘काही घोळ झालाय का बँकेत?’ मुंबई सोडून कोकणात बदली कोण मागून घेतो! चाकरमान्यांची रीत उलटी.

शाखा म्हणजे एका घराची भाड्यानं घेतलेली पडवी. वीज असायची-नसायची, म्हणून पेट्रोमॅक्स. रोकड चिपळूणहून यष्टीनं यायची, पेटी साखळीनं बाकाला बांधून. घाटात यष्टी बंद पडली की इथे काउंटरवर लोक विड्या ओढत बसायचे. पहिले सहा महिने खाती उघडली ती बहुतेक मास्तरांनी. बाकीचे यायचे ते तिजोरी बघायला.

मासळी विकणाऱ्या बायका आल्या त्या पिग्मीमुळे. उडुपीच्या डॉ. टी. एम. ए. पै यांनी १९२८ मध्ये ही योजना काढली. एजंटानं रोज दारात जायचं, दोन आणे असले तरी बचत म्हणून जमा करून घ्यायचे. अण्णांना या माणसाचं फार कौतुक. पेशानं डॉक्टर, पण मागवाल्यांच्या घरची चूल कशी चालते हे त्याला कळलं, म्हणायचे. आमच्या बँकेत योजनेचं नाव वेगळं होतं, पण गावात सगळे पिग्मीच म्हणत, अजूनही म्हणतात. बाजारातून टोपली रिकामी करून परतताना बायका आठ आणे टाकून जात. चार टक्क्यांची कर्जंही तेव्हा होती, अगदी गरिबांसाठी, १९७२ पासूनची. ती कागदावर ठेवून न देणारेही साहेब होते. अण्णांनी दिली.

घोडं अडायचं ते हप्त्यावर. वरून छापील तक्ता यायचा, दर महिन्याला सारखी रक्कम. होडीसाठी कर्ज घेतलेली एक बाई अण्णांसमोर तो कागद धरून म्हणाली होती, ‘सायब, पावसात होडी वर ओढलेली. हप्ता काय दर्याला मागू?’ त्यानंतर ही वही सुरू झाली असावी. अण्णा होडीचे हप्ते सप्टेंबर ते मे बांधायचे, आंब्याचे एकदम मेअखेर. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी यावरून त्यांना दुपारभर झापलं होतं. अण्णांनी त्यांना संध्याकाळी बंदरावर नेलं, शाकारून ठेवलेल्या होड्या दाखवल्या आणि घरी आणून आईच्या हातचं सोलकढी-भात जेवू घातलं. शेरा मात्र त्यांनी मारलाच.

आणि सातबारा! कोकणाबाहेरच्यांना हे सांगून कळत नाही. वीस गुंठ्यांची जमीन, तिच्या उताऱ्यावर बत्तीस नावं. निम्मी मुंबईत, चार-पाच वारलेली, एक नाव कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. कर्ज द्यायचं तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. हे बत्तीस जण एका ठिकाणी वर्षातून एकदाच भेटतात, गणपतीत. तर अण्णा गणपतीत घरोघर आरतीला जायचे, सदऱ्याच्या खिशात संमतिपत्रं आणि शाईचं पॅड घेऊन. ‘सुखकर्ता’ झालं की प्रसाद, प्रसादानंतर अंगठा. एका सणात अकरा प्रकरणं मार्गी लावल्याचं ते अभिमानानं सांगत.

आमच्या घरचा गणपती तेवढे दिवस त्यांच्याशिवाय असायचा. आरती शेखरदादा म्हणायचा, तो नववीत असल्यापासून. ३१ डिसेंबरही तसाच. तेव्हा बँकेचं वर्ष डिसेंबरात संपायचं आणि आमच्याकडे नवं वर्ष म्हणजे अण्णा पहाटे तीनला क्लोजिंग जुळवून येणार, पायरीवर चपला आपटणार. आईला हे पटत नसे. ती तसं बोलूनही दाखवायची. अण्णा म्हणायचे, ‘जुळलं गं, एक रुपया चाळीस पैशाला अडलं होतं.’ जणू तिनं तेच विचारलं होतं.

पण दोन्ही आत्यांची शिक्षणं त्यांनीच केली. धाकट्या आत्याच्या नर्सिंगच्या फीसाठी आईच्या पाटल्या तारण ठेवायची वेळ आली, तेव्हा स्वतःच्या शाखेत नको म्हणून आईला चिपळूणला दुसऱ्या बँकेत पाठवलं. आई यष्टीत पाटल्या पदराला गाठ मारून घेऊन गेली. मॅनेजरची बायको रांगेत उभी!

काकांचं प्रकरण मात्र घराला लागलं. १९८३ मध्ये काकांना कातळावर सुरुंग लावून खड्डे काढायचे होते, हापूसची कलमं लावायची होती. फळबागेची सरकारी योजना आली ती १९९० मध्ये. त्याआधी कर्जाशिवाय मार्ग नव्हता. अण्णांनी अर्ज हातातही घेतला नाही. सख्ख्या भावाला कर्ज मंजूर करता येत नाही, वरच्या ऑफिसला पाठवतो, म्हणाले. काका म्हणाले, ‘गावाला देतोस, आम्हाला नियम दाखवतोस?’ वरून सहा महिने उत्तर आलं नाही. शेवटी अण्णांनी फंडातून पैसे काढून दिले. काकांनी घेतले, पण दोन वर्षं आमच्या ओटीवर पाय ठेवला नाही. नंतर कधीतरी ते आपोआप निवळलं. पैशाचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

वहीच्या शेवटच्या पानावर ‘बाळ – कलमं’ असं लिहून खाली रेघ मारली आहे. बाळ म्हणजे काका. रेघेखाली :

‘मे ९१ – १ पेटी.

मे ९२ – १ पेटी.

मे ९३ – मोहोर करपला. सूट.

मे ९४ – २ पेट्या.’

असं खाली २०१७ पर्यंत. शाई बदलत गेली आहे, अक्षर थरथरायला लागलं आहे. दर मे महिन्यात काका भावाच्या घरी आंबे पाठवायचे आणि अण्णा ते हप्ता म्हणून जमा करायचे. बेरीज केलेली नाही. बाकी किती, तेही नाही.

यंदा मेमध्ये चुलतभाऊ पेटी घेऊन आला. चहा प्यायला, यंदा थ्रिप्स किडीनं मोहोर कसा खाल्ला ते सांगत बसला. वहीचं मी त्याला काही बोलले नाही. पेटी पाच डझनांची होती. वरच्या थरातले दोन डागी निघाले.