गवा हंबरायचा थांबला, खरं टाकी उघडायलाच लागणार

मंडळी, तीन आठवडे गप्प होतो, कारण सांगायची लाज वाटत होती. आषाढ संपता संपता गव्याची, म्हणजे माझ्या ओंडके फोडायच्या हायड्रॉलिक मशीनची, नेहमीची सेवा केली. ४६ नंबरचं (हा तेलाच्या दाटपणाचा नंबर) चाळीस लिटर तेल बदललं, रिटर्नचा, म्हणजे टाकीत परतणाऱ्या तेलाचा, फिल्टर नवा घातला, सक्शनची, म्हणजे पंप टाकीतनं तेल ओढतो त्या बाजूची, जाळी डिझेलनं धुऊन हवेनं फुंकली, बीमला ग्रीस लावलं, मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगमधला रबरी स्टार फाटायला आलेला तोही बदलला. एवढ्या निगुतीनं मी या मशीनचं कधीच केलं नव्हतं. आणि बटण दाबलं तर पंप कुईं करून हंबरायला लागला.

सिलिंडर आतून १०० मिलिमीटर रुंद (बोअर), दांड्याची धाव ६०० मिलिमीटर (स्ट्रोक), एका फेऱ्याला ८ सीसी तेल ढकलणारा पंप, ५ एचपीची मोटर. रिकामा दांडा २४-२५ सेकंदांत पूर्ण बाहेर येतो, हे आता पाठ झालंय. त्या दिवशी ३७ सेकंद लागले, तेही हिसके खात. बाभळीच्या गाठीवर दाबाचा जो काटा १६० बारला जाऊन ओंडका फोडतो, तो ११० ला थरथरत उभा. टाकीचं झाकण काढलं तर आत तेल नव्हतंच, दुधाचा चहा होता. साय धरायची तेवढी बाकी.

पहिला संशय पाण्यावर. कोल्हापूरचा पाऊस, आणि शेडचा पत्रा नेमका ब्रीदरच्या, म्हणजे टाकीच्या हवेच्या तोंडाच्या, डोक्यावर गळणारा. चाळीस लिटर नवं तेल ओतून द्यायचं या कल्पनेनंच पोटात गोळा आला. शेजारी एक म्हातारे गुळवे आहेत, सगळा जन्म गुऱ्हाळावर गेलेला. ते डोकावले आणि म्हणाले, "आरं, पाकाचं आमी पाण्यात थेंब टाकून बघतो. तू बी थेंबालाच इचार की."

विचारलं. जुना तवा चांगला तापवला आणि त्यावर तेलाचा एक थेंब सोडला. पाणी असतं तर फोडणीसारखं तडतडलं असतं. थेंब नुसता पसरला, धूर सोडला आणि गप्प. मग एक काचेचा ग्लास भरून खिडकीत ठेवला. वीस मिनिटांत तळाकडून वर वर तेल स्वच्छ होत गेलं, शेवटी काठाशी फेसाची एक कडी राहिली. म्हणजे पाणी नाही, हवा. (तवा आता घरात परत घेतला जाणार नाही, असं कळवण्यात आलंय.)

हवा म्हटल्यावर सक्शनची बाजू. इथली गळती दिसत नाही, हीच खरी मेख. प्रेशरच्या बाजूला फटीतून तेल बाहेर येतं, इथं हवा आत जाते आणि बाहेर टिपूसही पडत नाही. मशीन चालू ठेवून एकेका जोडावर जाड ग्रीस थापत गेलो. ज्या जोडावर आवाज बदलेल तो चोर. क्लिप, निपल, जाळीचा नट, सगळीकडं थापलं. आवाज जसाच्या तसा. तरी हट्टानं सक्शनचा होज नवा घातला, उद्यमनगरातनं चांगला तारवाला आणला. पट्टीच्या पातळ क्लिपा काढून बोल्टवाल्या जाड क्लिपा लावल्या. त्या पातळ क्लिपा पाण्याच्या पाइपालाच शोभतात, हे माझं मत आता कायम. टेफ्लॉन टेपही सगळी खरवडून काढली. तिचे धागे व्हॉल्व्हच्या आत सरकणाऱ्या दांडीत, म्हणजे स्पूलमध्ये, जाऊन बसतात. दोन रविवार गेले आणि कुईं कायम.

तिसऱ्या रविवारी लांब नळीच्या कुपीनं, हात कपलिंगवरच्या संरक्षक जाळीच्या बाहेर ठेवून, पंपाच्या शाफ्टपाशी तेलाची पिचकारी मारली. कुईं एकदम बंद! दहा-बारा सेकंद शांतता, मग परत सुरू. परत मारली, परत बंद. खोटं कशाला सांगू, पाच-सहा वेळा नुसता मजेसाठी मारली.

शाफ्टचं सील. आमच्या पंपात सीलच्या मागची जागा आतून सक्शनलाच जोडलेली, त्यामुळं सीलचा ओठ फाटला की तेल गळायच्या आधी हवा ओढली जाते. पंप घेऊन मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी शाफ्ट बोटानं हलवून बघितला.

"कपलिंग हातोडीनं ठोकलंस व्हय?"

"नाही ओ."

"मग लाकूड लावून ठोकलं असशील."

यावर मी काय बोलणार? नवा स्टार बसवताना कपलिंगची दोन्ही अर्धी एकमेकांत गच्च दाबली होती. मध्ये फटच ठेवली नाही, त्यामुळं मोटरचा शाफ्ट पंपाच्या शाफ्टला सतत रेटत होता. पंपाच्या आतल्या बाजूच्या प्लेटा वाचल्या हे नशीब.

सील २०-३५-७ (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, मिलिमीटरमध्ये). एका दुकानात मिळालं ते बांगडीसारखं कडक, किती वर्षं डब्यात पडलेलं कोण जाणे. दुसरीकडून मऊ ओठाचं घेतलं, तेल लावून हातानं दाबत बसवलं. कपलिंगमध्ये या वेळी हॅक्सॉची तीन पाती घालून फट राखली, साधारण दोन मिलिमीटर. रात्रभर तेल निवू दिलं. सकाळी २५ सेकंद, काटा १६०, आणि महिनाभर कोपऱ्यात माज करत पडलेली बाभळीची गाठ कडाड् करून दुभंगली. आत लालभडक गाभा. बंबाची चार दिवसांची सोय झाली.

आता ओंडका फोडणाऱ्या पाचरीला हार्डफेसिंगचा, म्हणजे वेल्डिंगनं कडक थर चढवायचा, रॉड फिरवायचा बेत होता, तो पुढं ढकलला. झाकण उघडं असताना दिसलं की रिटर्नचा पाइप तेलाच्या पातळीच्या वरच संपतो. प्रत्येक फेरीला धबधबा पडून हवा मिसळतेच आहे. पाइप खालपर्यंत वाढवायचा, तोंड तिरकं कापायचं आणि सक्शन-रिटर्नच्या मध्ये आडवी प्लेट वेल्ड करायची, असं ठरवलं होतं.

खरं हे लिहिता लिहिता वेगळंच सुचतंय. टाकी अँगलच्या स्टँडवर दीड फूट उचलली तर तेल आपोआप पंपात उतरेल आणि ओढायची वेळच येणार नाही. मग पंप काढताना टाकी वाहून जाऊ नये म्हणून सक्शनला बॉल व्हॉल्व्ह लागणार, आणि तो उघडायला विसरलो तर पंप जागेवर खलास. माझा विसराळूपणा तुम्हाला माहीत आहे. व्हॉल्व्ह बंद असताना त्याचा दांडा मोटरच्या स्टार्टरच्या बटणाआडच येईल अशी जोडणी कुणी केली असेल तर मापं कळवा. मी तोवर प्लेट कापायला टाकत नाही.