एका शिक्क्यासाठी चार फेऱ्या : राज्यशास्त्र शिकवतानाचा माझा अनुभव

मी बी.ए.च्या मुलांना राज्यशास्त्र शिकवते. मुलं बहुतेक कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत कुणी मराठी माध्यमात शिकलेली, कुणी कन्नड. तास मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत चालतो. ७३वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३, ग्रामसभेचं कलम २४३-अ, हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. तरी गेल्या वर्षी पेपर तपासताना माझा हात थांबला. निम्म्या मराठी मुलांनी गावच्या कारभारात 'सरपंच' आणि 'ग्रामसेवक' लिहिले होते. कोल्हापूरहून येणाऱ्या गाईडमध्ये तसंच असतं. आपल्याकडे, कर्नाटकात, ग्रामपंचायतीला अध्यक्ष असतो आणि पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, असतो, पंचायत समितीच्या जागी तालुका पंचायत असते. घरपट्टी भरायला ही मुलं ज्या ऑफिसात जातात, ते त्यांच्या उत्तरात कुठेच नव्हतं. मला ते फार लागलं.

म्हणून यंदा इंटरनलच्या गुणांसाठी मी निबंध घेतला नाही. एका विद्यार्थिनीच्या गावच्या पंचायतीकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करायचा आणि दोन वर्षांतल्या वॉर्डसभा-ग्रामसभांच्या प्रोसिडिंगच्या, म्हणजे इतिवृत्ताच्या, नकला मागवायच्या, असं ठरवलं. प्रिन्सिपॉल सरांनी लगेच होय म्हटलं. एवढं एकच काम एका दिवसात झालं.

आधी एक सांगते. अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर करू नका. हा हक्क नागरिकाचा आहे, संस्थेचा नाही. मुलांच्या नावानेही मी केला नाही. गावात राहायचं असतं, घरच्यांना कुणी टोचून बोलायला नको. माझ्या नावाने केला.

पहिला अर्ज मुलांनी मराठीत लिहिला, दीड पान. गटार, बसथांबा, शाळेची गळती, सगळं त्यात. मी तो तसाच घेऊन गेले, ही माझी चूक. टपालाच्या टेबलावरच्या माणसाने वरची ओळ पाहिली आणि कागद परत सरकवला. "कन्नडदल्ली बरीरी." कन्नडमध्ये लिहा. वर विचारलं, "कशाला पाहिजे हे?" कारण सांगायची गरज नाही, कायद्याच्या कलम ६(२) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मी ते सांगितलं. तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात गोंधळ. मराठी मुलं चिडली, कन्नड मुलं गप्प बसली. सीमाप्रश्नाचा धडा मी आजवर उरकत आले होते. १९५६ची राज्य पुनर्रचना, १९६७चा महाजन अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, एवढं फळ्यावर लिहायचं आणि पुढे जायचं. त्या दिवशी पुढे जाता आलं नाही. आम्ही कायदाच उघडला. कलम ६(१) म्हणतं, अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत. राज्याची अधिकृत भाषा कन्नड, म्हणजे या अर्जापुरतं टेबलावरच्या माणसाचं म्हणणं चूक नव्हतं. मग एका मुलाने घटनेतलं अनुच्छेद ३५० शोधून काढलं : गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. अर्ज वेगळा, निवेदन वेगळं. पंधरा मिनिटं दोन्ही बाकांवरची मुलं एकाच कागदावर वाकून वाचत होती. एवढ्या वर्षांत असा तास माझ्या वाट्याला आला नव्हता.

दोन कागद करायचे ठरलं. माहितीचा अर्ज कन्नडमध्ये, गटाराचं निवेदन मराठीत. कन्नड अर्ज बैलहोंगलकडच्या एका मुलीने लिहिला, मोत्यासारखं अक्षर. कर्नाटकाच्या नियमांत आणखी एक अट आहे, एका अर्जात एकच विषय आणि शब्द १५० पर्यंत. मुलांनी शब्द मोजून मोजून कापले. "कृपया" ठेवायचं की नाही यावर मतदान झालं. ठेवलं.

आणि मग खरी रखडपट्टी. मला फक्त पोच हवी होती. माझ्या प्रतीवर एक आवक शिक्का, तारीख आणि सही, बस्स.

दुसरी फेरी : "साहेब्रु इल्ल्री, नाळे बर्री." साहेब नाहीत, उद्या या. पीडीओंकडे दोन पंचायतींचा चार्ज, ते दुसरीकडे गेले होते. पण टपाल घ्यायला साहेब कशाला लागतात? तिसरी फेरी : पुन्हा तेच. शिक्का माझ्यासमोर टेबलावर, निळ्या शाईच्या पॅडवर उभा होता. त्या माणसाने हजेरीचं रजिस्टर उघडून त्याच्यावर पालथं घातलं आणि फोनवर बोलू लागला. मी अर्धा तास उभी राहिले. माझ्याबरोबर आलेल्या मुलीने हळूच विचारलं, "मॅडम, हेच काय ते 'राज्य'?" प्रजा, भूप्रदेश, शासन आणि सार्वभौमत्व हे राज्याचे चार घटक मी पहिल्या सेमिस्टरलाच शिकवते. त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. संताप मात्र अजून गेलेला नाही. अर्जदाराला मदत करणं हे माहिती अधिकाऱ्याचं कर्तव्य म्हणून कायद्यात लिहिलंय, आणि इथे एक शिक्का रजिस्टरखाली झाकून ठेवला जातो. ज्या बाईला एका फेरीसाठी दिवसाची मजुरी सोडावी लागते, तिने काय करायचं?

चौथ्या फेरीला पीडीओ भेटले. त्यांनी अर्ज वाचला आणि शांतपणे म्हणाले, "घ्या की, यात काय आहे?" पण शिक्क्याचं पॅड कपाटात, कपाटाची किल्ली त्या माणसाकडे, आणि तो जेवायला गेलेला. मी तिथून उठून सरळ पोस्टात गेले. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून दोन्ही कागद स्पीड पोस्टाने पाठवले. पावतीचा नंबर टाकला की कागद कधी पोचला ते दिसतं, तीच आमची पोच. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तुम्ही तरी करा. पोस्टल ऑर्डर कुणाच्या नावे काढायची तेवढं आधी विचारून घ्या, आणि तिच्या नंबरची झेरॉक्स ठेवा.

उत्तरासाठी ३० दिवस असतात. वर्गातल्या भिंतीवर मुलांनी तारखांचा कागद लावला. रोज एकजण त्यावर खूण करायचा. मुदत उलटली तर कलम १९ प्रमाणे वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याचा मसुदाही त्यांनी करून ठेवला होता. तो लागला नाही. २६व्या दिवशी पत्र आलं : ३८ पानं, पानाला दोन रुपये, ७६ रुपये भरा. पैसे भरले, नकला मिळाल्या. घेऊन परतताना बसमध्ये मी पाकीट मांडीवरून खाली ठेवलं नाही.

प्रोसिडिंग अर्थातच कन्नडमध्ये. मुलं दोघं दोघं बसली, एकाने वाचायचं, दुसऱ्याने मराठीत सांगायचं. ज्या मुलीचं गाव, तिने वॉर्डसभेच्या पानावर बोट ठेवलं. तिची आई त्या सभेत गटारावर बोलली होती, पावसात पाणी कसं उंबऱ्यापर्यंत येतं, म्हाताऱ्या सासूला कसं उचलून माळ्यावर न्यावं लागतं. कागदावर त्याची एक ओळ होती, "चरंडी दुरुस्तीची मागणी". चरंडी म्हणजे गटार. मुलगी ती ओळ दोनदा वाचून म्हणाली, "आई दहा मिनिटं बोलली होती, मॅडम." आणि लगेच, "पण लिहून तर घेतलंय." त्यावर जी चर्चा झाली, तिच्यावर मी प्रत्येकाला एक पान लिहायला लावलं आणि इंटरनलचे गुण त्याच पानाला दिले. एकाही पानात सरपंच नव्हता.

मराठी निवेदनाला अजून उत्तर नाही. मुलांनी कालच मला विचारलं, स्मरणपत्र कोण लिहिणार. बैलहोंगलच्या त्या मुलीने हात वर केला. तिला या वेळी मराठीत लिहायचंय.