मिररची पहिली परीक्षा: एका डिस्कची केबल काढून पाहिली

डेबियन लिनक्स बसलं, रेड-1 चा मिरर (दोन डिस्कवर एकच डेटा) सिंक झाला, आणि काल रात्री मशीन बंद करून पहिल्या डिस्कची साटा केबल काढली. मिरर टिकला, पण मशीन लॉगिनपर्यंत पोचलं नाही. का, ते खाली सविस्तर लिहिलंय.

आधी मांडणी. दोन्ही डिस्क 4 टीबीच्या, म्हणजे पार्टिशनच्या नोंदीसाठी जीपीटी हीच पद्धत हवी. 512 बाइटच्या सेक्टरवर जुन्या एमबीआर पद्धतीची मजल 2 टीबीपर्यंतच. दोन्हींवर सारखीच तीन पार्टिशन: 512 एमबी ईएफआय (बूटच्या फाइलींसाठी), 8 जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली तर वापरायची जागा), उरलेलं रूट (मुख्य सिस्टम). शेवटी थोडी जागा मुद्दाम मोकळी सोडली. पुढे बदली आणलेली डिस्क काही सेक्टरांनी जरी लहान निघाली, तरी मिररमध्ये घेता येत नाही. स्वॅपही मिररवरच आहे. तो एकाच डिस्कवर असता आणि मशीन चालू असताना ती बंद पडली असती, तर स्वॅपमध्ये पान (मेमरीचा तुकडा) असलेला प्रोग्राम तिथेच कोसळला असता.

खरी मेख ईएफआयची. फर्मवेअरला (मदरबोर्डवरच्या प्रोग्रामला) फॅट फाइलसिस्टम वाचता येते, एमडी (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड) कळत नाही. म्हणून ही दोन पार्टिशन मी मिररमध्ये घेतली नाहीत. इन्स्टॉलरने ग्रब (कर्नल चढवणारा बूटलोडर) एकाच डिस्कवर टाकला होता. दुसरीवर फाइली मी हाताने कॉपी केल्या आणि ईएफआयबूटएमजीआर या कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत तिची वेगळी नोंद केली. हे काम चोख झालं होतं: केबल काढल्यावर ग्रब दुसऱ्या डिस्कवरून आला, कर्नल चढला, थोडं थांबून ॲरे (मिररचा डिस्कसंच) एका डिस्कवर उभा राहिला, रूटही माउंट झालं.

मग दीड मिनिट स्क्रीन एका ओळीवर अडकली आणि इमर्जन्सी मोड आला. एफएसटॅबमध्ये (काय कुठे माउंट करायचं त्या यादीत) /बूट/ईएफआय समोर यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) होता तो काढलेल्या डिस्कचा! सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) तिची वाट बघत बसलं होतं. रूट पासवर्ड टाकला, त्या ओळीत 'नोफेल' (नसलं तरी पुढे जा) घातलं, रीबूट केलं. या खेपेला लॉगिन आलं. एमडीस्टॅटमध्ये (ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या फाइलीत) दोन यूंच्या (यू म्हणजे चालू डिस्क) जागी एक रेघ आणि एक यू. ती रेघ दिसूनही मशीन निवांत चालतंय, हे बघताना फार बरं वाटलं.

मशीन बंद करून केबल परत जोडली. पहिल्या डिस्कवरचा डेटा आता शिळा, त्यामुळे ती आपोआप ॲरेत आली नाही. एमडीएडीएम या रेडच्या कमांडने री-ॲड केली. रूटच्या ॲरेला राइट-इंटेंट बिटमॅप (कुठे कुठे लिहिलं त्याची नोंद) आहे, म्हणून फक्त बदललेले भाग लिहिले गेले. पहिल्या सिंकला काही तास गेले होते, हा बघता बघता उरकला.

ज्यांनी मिरर करून ठेवलाय त्यांनी एफएसटॅबमधली ती ओळ आजच बघा. माझ्याकडे दोन कामं उरलीत: दुसरी केबल काढून हीच परीक्षा, आणि ग्रब अपडेट झाला की दुसऱ्या ईएफआयवर आपोआप कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट.