आप्पांच्या फार्गोची टायमिंग चेन

आप्पांची फार्गो ट्रकगाडी सकाळी पहिल्यांदा सुरू झाली की रेडिएटरच्या मागून, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज यायचा. दहा-बारा सेकंद, मग दबायचा. ॲक्सिलरेटर सोडला की पुन्हा एकदा ‘खर्र’. “जुनी गाडी आहे, वाजणारच,” आप्पा म्हणायचे. मी भोसरीला गिअरच्या कारखान्यात तपासणी विभागात एकवीस वर्षं काम करतेय, दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो. मला काही तो आवाज तसाच सोडवेना.

गाडी वडकीला आमच्या शेडमध्ये असते, दिवे घाटाच्या पायथ्याशी. मॉडेल १९५८ चं. आप्पांनी ती १९७२ च्या दुष्काळात कर्ज काढून जुनीच घेतली आणि पहिलं वर्ष तिच्यात नुसता चारा वाहिला. पुढे पुरंदरची अंजिरं, सीताफळं, वाटाणा. रात्री भरायची, पहाटे घाट उतरून पुण्यात यायचं. आषाढात एका दिंडीचं सामान ठरलेलं असायचं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि तिथून डॉज, फार्गो ट्रक आपल्याकडच्या रस्त्यांवर आले. वालचंदनगर आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, म्हणून आप्पांना ही गाडी अमेरिकन वाटतच नाही. बहुतेकांनी अशा गाड्यांमधलं पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलं. आप्पांनी ते केलं नाही. सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, आणि धडधाकट असताना ते इतकं गुळगुळीत चालतं की आप्पा बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून लोकांना दाखवायचे.

आवाजाच्या आधी गाडीची ओढ गेली होती, हे मला फार उशिरा कळलं. आप्पा दर दोन-तीन वर्षांनी डिस्ट्रिब्युटरचा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्पार्क वाटणाऱ्या भागाचा, क्लँप ढिला करून तो थोडासा फिरवायचे. स्पार्क जरा अलीकडे आणला की गाडी पुन्हा खुलायची. जिथे आणून घट्ट केलं तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचे. मी मोजले, ठिपके सात होते, आणि सातव्याला क्लँपची खाच संपली होती. फिरवायला आता जागाच उरली नव्हती.

हे ठिपके पाहून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा दांडा, आणि कॅमशाफ्टला क्रँकवरून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरून, फिरवणारी ही टायमिंग चेन. चेन झिजून लांबली की कॅमशाफ्ट क्रँकच्या मागे पडतो. त्याच्यासोबत स्पार्कही मागे पडतो आणि व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळही. आप्पा स्पार्क जागेवर आणत होते, पण व्हॉल्व्ह तर उशिराच मिटत होते. ते डिस्ट्रिब्युटर फिरवून सुधारत नाही. सात वेळा अर्धंच दुखणं बरं केलं गेलं आणि उरलेलं अर्धं आत वाढत राहिलं.

तरी खोलण्याआधी खात्री करायची होती, नुसत्या तर्कावर रेडिएटर उतरवायचा नव्हता. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, पुतण्याला आतल्या फिरत्या रोटरवर नजर ठेवायला सांगितलं आणि मी पुढून क्रँकची पुली हाताने मागे-पुढे केली. “आत्या, हलला... नाही, आत्ता हलला!” पुलीवर मी अंशांची पट्टी चिकटवली होती. रोटर हलायच्या आधी पुली १४ अंश मोकळीच फिरत होती. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते, मोजलं. सहाही सिलिंडर ७२ ते ७५ पीएसआय. कमी, पण सगळे एकसारखे कमी. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह गेले असते तर बहुधा एखादा ५० वर आला असता, एखादा ९० वर. सगळेच सारखे बसले असतील तर वेळ चुकली असण्याची शंका आधी घ्यावी, कारण कॅमशाफ्ट सगळ्यांचा एकच.

तिसरी तपासणी व्हॅक्यूम गेजची, म्हणजे इंजिन हवा किती जोरात ओढतं ते पाऱ्याच्या इंचांत मोजायची. काटा १३ इंचावर स्थिर, अजिबात थरथर नाही. इथे एक गोष्ट पुण्यातल्या लोकांनी लक्षात ठेवावी. गाडीच्या पुस्तकांत १८ ते २० इंच लिहिलेलं असतं ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी होतो. पुणे ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्या वर. इथे १६ ते १८ मिळाले तरी इंजिन निरोगी समजायचं. नाहीतर चांगलं इंजिन उगाच खोललं जातं. आमचे १३ मात्र पुण्याच्या हिशेबानेही कमीच होते.

चेन नाना पेठेत मिळाली नाही. तिथल्या चार दुकानांत मी जुना पार्ट नंबर घेऊन फिरले, एका काकांनी तर माळ्यावर चढून पाहिलं. शेवटी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे चेन चढते ती दातेरी चाकं, माझ्या मावसभावाच्या बॅगेतून मिशिगनहून आली. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन घालू नये. दातांच्या कडा आकड्यासारख्या वळलेल्या असतात, त्या नव्या चेनला वर्षभरात जुनी करतात. ऑईल सील मात्र नाना पेठेतच मिळालं. गाडीचं नाव सांगायचंच नाही. आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, एवढे तीन आकडे सांगायचे, आणि दुकानदार मागे वळूनही न बघता फळीवरून पुडी काढतो.

खोलायला एक शनिवार गेला. पाणी काढलं, रेडिएटर, पंखा, पट्टा काढला. पुलीचा मोठा नट, ज्यात हँडल अडकतं तो, काही केल्या सुटेना. पाइप लावून आम्ही दोघं लोंबकळलो, मग रात्रभर डिझेल-ऑईलमध्ये भिजवला, तेव्हा रविवारी सुटला. पुली पुलरनेच ओढायची. हातोडा घातला की पुली वाकडी होते आणि मग सील कधीच टिकत नाही.

कव्हर निघालं तेव्हा आप्पा खुर्ची ओढून जवळ आले. चेन इतकी सैल होती की बोटाने दाबली तर आत चांगलीच जात होती, आणि कव्हरच्या आतल्या बाजूला तिने घासून चकचकीत पट्टा पाडला होता. आप्पांनी त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. “हेच वाजत होतं व्हय,” एवढंच म्हणाले.

जुनी आणि नवी चेन मी शेजारी-शेजारी खिळ्यांना टांगल्या. जुनी साडेचार मिलिमीटर खाली लोंबत होती. चेन गोल जोडलेली असल्यामुळे लोंबणं अर्धंच दिसतं, खरी वाढ ९ मिलिमीटरची. लोक म्हणतात चेन ताणली गेली. पोलाद असं ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यातली पिन आणि तिचं छिद्र घासून थोडं मोकळं होतं. पन्नासच्या आसपास सांधे धरले तर एकेका सांध्यात दोन दशांश मिलिमीटरही झीज नाही. आमच्या तपासणी टेबलावर अशी एखादी पिन आली असती तर नुसत्या डोळ्यांना मुळीच कळली नसती. पण सगळ्या सांध्यांची झीज एकाच दिशेने जमा होते.

आता ती एवढी झिजली का? चेनवर तेल उडवणारी ब्लॉकमधली बारीक वाट मी तारेने तपासली, तर तार जाईना. आतून लाल सिलिकॉनचा तुकडा निघाला, शेवयासारखा. काही वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये कव्हरमधून तेल गळतं म्हणून नुसत्या सिलिकॉनवर कव्हर बसवून दिलं होतं. जास्तीचं सिलिकॉन आत सरकतं आणि सुटून कुठेही जाऊन बसतं. त्यामुळे चेन कित्येक वर्षं जवळजवळ कोरडी चालली. मला याचा खरोखर राग आला. दोन रुपयांचा पॅकिंग पेपर कापायचा कंटाळा, बाकी काही नाही. मी पॅकिंग कव्हरवरच ठेवून हातोडीने कडा टोकून कापलं, आप्पांनी शिकवलं होतं तसंच, आणि दोन्ही बाजूंना ग्रीसचं बोट फिरवलं.

स्प्रॉकेट बसवताना एक नंबरचा पिस्टन वर आणायचा. या इंजिनात सहाव्या सिलिंडरवर हेडमध्ये एक छोटा प्लग असतो. तो काढून आत सळई सोडली की पिस्टन वर येताना हाताला कळतो. एक आणि सहा हे पिस्टन जोडीनेच वर येतात, म्हणून सहावा पाहिला तरी चालतं. दोन्ही स्प्रॉकेटवरचे ठिपके एकमेकांकडे तोंड करून आले पाहिजेत, दोन्ही शाफ्टांच्या मध्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर. मी नजरेवर विश्वास ठेवला नाही, पोलादी पट्टी लावली. पहिल्यांदा एक दात चुकलाच होता. एका दाताने क्रँकवर पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. पुतण्या घाबरून म्हणाला, “आत्या, आता व्हॉल्व्ह वाकले असते ना?” त्याने आयटीआयमध्ये हल्लीची इंजिनं पाहिली आहेत, तिथे ते खरं आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्ये उभे असतात, पिस्टन त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही. चेन तुटली तर गाडी जागच्या जागी थांबते, इंजिन मरत नाही. चेन पुन्हा काढली, एक दात सरकवून घातली, हाताने क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिले आणि ठिपके पुन्हा समोरासमोर आले का ते पाहिलं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमचा एक, म्हणून दोन फेरे.

कव्हर लावण्याआधी प्लग काढून इंजिन स्टार्टरवर फिरवलं. थोड्या वेळाने त्या बारीक वाटेतून तेलाची धार चेनवर पडायला लागली. ती पाहण्यासाठी आप्पा वाकले, तसे बराच वेळ वाकूनच राहिले.

सीलची ओठी जिथे घासते तिथे पुलीच्या दांड्यावर खाच पडलेली होती. बारीक पॉलिश पेपरने ती साफ केली आणि सील कव्हरमध्ये दीड मिलिमीटर बाहेर ठेवलं, म्हणजे ओठी कोऱ्या जागेवर येते. कव्हरचे बोल्ट आधी नुसते बोटांनी लावायचे, पुली सीलमधून आत घालायची, सील आपोआप मध्यावर येतं, मग बोल्ट आवळायचे. गळती होते ती बहुधा या क्रमात घाई केल्यामुळेच.

डिस्ट्रिब्युटर आप्पांनीच लावला. मी टायमिंग लाइट आणला होता, पण त्यांनी आधी कानाने लावतो म्हणून सांगितलं. गाडी दुसऱ्या फिरकीला सुरू झाली. खिळ्यांचा आवाज नव्हता. डोळे मिटून, दोन बोटांनी ते डिस्ट्रिब्युटर मागे-पुढे करत राहिले आणि एका जागी थांबले. लाइट लावून पाहिलं तर खूण बरोबर दर्शकाखाली. व्हॅक्यूमचा काटा १७ वर. इंजिन गरम झाल्यावर कॉम्प्रेशन पुन्हा घेतलं, ९२ ते ९५, सहाही.

क्लँप आवळताना पुतण्याने बॅटरी धरली. सात पांढरे ठिपके एका बाजूला राहिले होते, डिस्ट्रिब्युटर पहिल्याच्याही अलीकडे, खाचेच्या बरोबर मध्यावर येऊन थांबला होता. आप्पांनी रंगाची डबी मागितली. डबी आणली तर रंग वाळून गेला होता. मग खिशातल्या खडूनेच त्यांनी तिथे रेघ ओढली.