पाल्प्याच्या डोंगरातली एक दुपार

नेपाळची मिशन ट्रिप ठरली तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यात जास्त चर्चा झाली ती टी-शर्टवर. रंग कोणता, पाठीवर बायबलमधलं वचन कोणतं, छापायला सांगलीत द्यायचं की कोल्हापुरात. तिकडे पोहोचल्यावर यजमान पाळकांनी पहिल्याच संध्याकाळी ते सगळे टी-शर्ट बॅगेत ठेवायला लावले. नेपाळात कुणाचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे. २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. "तुम्ही परत जाल, चौकीत मला बोलावतील," एवढंच ते म्हणाले. आम्ही सेवेला आलो होतो, प्रचाराला नाही, हे निघायच्या आधीच ठरलं होतं. मग पाठीवर वचन कशाला हवं होतं, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

प्रवास लांबचा. पुण्याहून गोरखपूर, तिथून जीपने सोनौली, आणि कमानीखालून चालत पलीकडे. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं, आपल्या शंभराचे तिकडचे एकशे साठ घ्यायचे, झालं. बुटवलला बस बदलताना सोनारांच्या गल्लीत गलाईचं दुकान दिसलं. आतला मुलगा आमचं बोलणं ऐकून बाहेर आला, "मिरजेकडची व्हय?" तो विट्याच्या बाजूचा. चहा पाजला, घरून आलेली शेंगदाण्याची चटणी पुडीत बांधून दिली, पैशाचं नाव काढू दिलं नाही. खानापूर-आटपाडीची माणसं सोनं गाळायला कुठंकुठं जाऊन राहतात हे ऐकून होते. परक्या मुलखात ती चटणी हातात आली आणि घशात आवंढाच आला.

पाल्पा जिल्ह्यातल्या तानसेनच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या गावात आम्ही शाळेच्या भिंती रंगवल्या, पोरांशी खेळलो, शनिवारी उपासनेला बसलो. तिकडे सुट्टी शनिवारची, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला बाहेर, सगळे चटईवर, आणि साथीला मादल, म्हणजे तिकडचा ढोल. एरवी उपासनेत माझं लक्ष इकडेतिकडे जातं, त्या दिवशी नाही गेलं.

मग आरोग्य शिबिर. याबद्दल मला खरंच बोलायचं आहे. रांग मोठी होती, बीपी तपासून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या जात होत्या, फोटो निघत होते. गावातली आरोग्य स्वयंसेविका शेजारी उभी होती. आपल्या आशाताईंसारखंच तिचं काम. नेपाळात ही योजना १९८८ पासून आहे, आणि डोंगराच्या वस्त्यांवर पायी फिरणाऱ्या या बायकाच तिथला खरा दवाखाना. तिने हिंदीत विचारलं, "सोळाव्या दिवशी कोण देणार?" आमच्यापैकी कुणाकडे उत्तर नव्हतं. बीपीची गोळी रोजची असते. ती मध्येच तुटली की बीपी पुन्हा चढतं, आणि घेणाऱ्याला वाटतं आपण बरे झालो. आलेल्या माणसांची नावं आणि आकडे वहीत लिहून देऊन तिला तानसेनच्या दवाखान्याशी जोडून दिलं असतं, तर गोळ्यांपेक्षा जास्त काम झालं असतं. मी हे बोलून दाखवलं. "पुढच्या वेळी बघू," असं उत्तर मिळालं.

त्या बाईनेच दुपारी आम्हाला एका घरी नेलं. म्हाताऱ्याला तरुणपणी कुष्ठरोग झाला होता. औषधांनी रोग कधीच गेला, पण बोटं वाकलेली आणि तळव्यांना संवेदना नाही. सुनेने स्टीलच्या पेल्यांतून चहा आणला. आमच्यातल्या दोघांनी पेले तसेच खाली ठेवले. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि पाय लुंगीखाली ओढून घेतले.

मला हे फार लागलं. आम्ही मिरजेची माणसं. आमच्या गावात कुष्ठरोग्यांसाठी वेगळं इस्पितळ आहे. औषध सुरू झाल्यावर हा रोग पसरत नाही, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही माहीत असायला हवं. आणि इथे तर माणूस कित्येक वर्षांपूर्वी बरा झालेला.

आमच्यासोबत मिरजेच्या एक निवृत्त सिस्टर होत्या, सगळे त्यांना मावशीच म्हणतो. त्यांनी आपला चहा संपवला, दुसरा पेलाही उचलला, तोही संपवला आणि सुनेकडे घमेलं मागितलं. "आजोबा, पाय हिकडं करा." त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं, पण पाय आले.

पाणी कोमट केलं. मावशींनी आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं, मग सुनेचं बुडवायला लावलं. तळव्याला चटका कळत नाही, पाणी कढत असलं तरी माणूस पाय काढणार नाही. पाय चांगले वीसेक मिनिटं भिजू दिले. टाचेची कातडी जाड होऊन भेगाळली होती, एका भेगेत बारीक खडा रुतलेला. तो निघाला तरी म्हातारा बोलतच होता, त्याला पत्ताच नाही. मग खरबरीत दगडाने हलक्या हाताने जाड कातडी घासली, आणि पाय ओले असतानाच घरातलं मोहरीचं तेल चोळलं, म्हणजे ओल आत टिकते. डावा पाय मावशींनी केला, उजवा सुनेकडून करून घेतला. स्वयंसेविका वाकून बघत होती. रोज करायचं, आणि निजताना तळवे डोळ्यांनी तपासायचे, एवढं तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. विकत आणावं लागेल असं त्यात काहीच नव्हतं.

मिशनरी डॉक्टर वानलेस १८८९ साली इकडे आले. १८९४ ला मिरजेत दवाखाना उभा राहिला, १८९७ ला इथल्याच पोरांना डॉक्टरकी शिकवायची शाळा निघाली, आणि ते १९२८ पर्यंत राहिले. त्यांच्या नावाने वानलेसवाडी आहे ती उगीच नाही. एवढं राहणं आमच्यातल्या कुणाला जमणार नाही, मान्य. पण मागे राहणाऱ्याच्या हाती काम देऊन येणं आठवड्याच्या ट्रिपमध्येही जमतं, हे मी त्या घमेल्याशेजारी बसून पाहिलं.

परत आल्यावर मंडळीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. टी-शर्ट नकोत. आणि वीस जणांच्या भाड्यात तीन नर्सना महिनाभर पाठवता येईल, तर तेच करावं. काही जणांना राग आला, ट्रिपमुळे तरुणांचा विश्वास वाढतो असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नाही. पण म्हाताऱ्याच्या पायापुढे मला ते कारण छोटं वाटतं. निर्णय अजून झालेला नाही. मावशींनी मात्र वाट पाहिलेली नाही: थंडीत भेगा वाढतात म्हणून त्या डिसेंबरात स्वतःच्या पेन्शनमधून जाणार आहेत, आणि मी बँकेत रजेचा अर्ज दिला आहे.