रिकाम्या वेलमधला जांभळा रंग

इथल्या लॅबमध्ये मला तिसरा महिना चालू होता. आईला फोनवर मोठ्या थाटात सांगून टाकलं, "माझ्या वनस्पतीच्या अर्काने पेशी भराभर वाढतायत." दोनच दिवसांत शब्द गिळावे लागले.

पेशी जिवंत आहेत का, हे पाहायला आम्ही ९६ वेलच्या प्लेटमध्ये एमटीटी घालतो. (वेल म्हणजे इवलासा खळगा, मांडवावरची नव्हे.) हा पिवळा क्षार, १९८३ साली टिम मॉसमन यांनी ही पद्धत मांडली. जिवंत पेशीतली एन्झाइम्स त्याचं क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि फॉर्माझानचे जांभळे, सुईसारखे स्फटिक तयार होतात. ते पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून तीन-चार तासांनी वरचं द्रव हलक्या हाताने काढायचं, स्फटिक विरघळवणारं डीएमएसओ हे द्रावक घालायचं आणि ५७० नॅनोमीटरला रंग किती गडद ते यंत्रावर वाचायचं. 'हलक्या हाताने' लिहायला सोपं आहे हो! सुरुवातीला निम्मे स्फटिक मीच पिपेटने ओढून फेकले असतील.

तर अर्काच्या वेलमध्ये रंग भलताच गडद आला. ऐटीत आलेख घेऊन मीटिंगला गेले. प्रोफेसरांनी एवढंच विचारलं, "पेशी न घालता नुसता अर्क आणि एमटीटी ठेवून पाहिलंस?"

नव्हतं पाहिलं. त्याच संध्याकाळी ठेवलं, तर पेशी नसलेल्या वेलही जांभळ्या! वनस्पतीतली पॉलिफेनॉल्स, क जीवनसत्त्व असली क्षपणकारक द्रव्यं पेशींची वाट न बघता स्वतःच एमटीटीचा रंग पालटून टाकतात.

शिवाय रंग खरा असला तरी तो पेशींच्या चयापचयाचा असतो, डोक्यांच्या मोजणीचा नव्हे. पेशी मंदावल्या तरी तो फिका पडतो. त्या मेल्याच असं नाही. वाढच दाखवायची तर नवा डीएनए तयार होतोय का ते ईडीयूने, म्हणजे नव्या डीएनएत शिरून खूण करणाऱ्या रेणूने, पाहावं. मी आधी साधा मार्ग धरला: ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग. मेलेल्या पेशीचं आवरण फाटलेलं असतं, ती निळी होते. जिवंत पेशी रंग आत घेत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजत बसले. अर्क घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्हींत आकडा जवळपास सारखा.

आईला कळवलं तर ती घाबरली. "म्हणजे मेल्या का गं?"

"नाही गं, होत्या तेवढ्याच आहेत."