ब्रेमेनच्या शीतगृहातील ओकचे रान

ब्रेमेन विद्यापीठाच्या आवारात 'मारुम' हे सागरविज्ञान केंद्र आहे आणि त्या केंद्रात एक प्रचंड शीतगृह आहे. त्याचे तापमान वर्षभर ४ अंश सेल्सिअस ठेवलेले असते, त्यामुळे जुलै महिन्यातही आत जाताना जाड स्वेटर घालावा लागतो. रांगेने उभ्या केलेल्या उंच मांडण्यांवर दीड-दीड मीटर लांबीच्या, उभ्या चिरलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या आहेत आणि त्या नळ्यांमध्ये समुद्रतळाचा गाळ आहे. सगळ्या नळ्या एकापुढे एक मांडल्या, तर त्यांची लांबी दीडशे किलोमीटरहून अधिक भरेल. प्रत्येक गाळस्तंभाचे, ज्याला येथे सगळेच 'कोअर' म्हणतात, दोन अर्धे असतात. एका अर्ध्यातून नमुने काढले जातात आणि दुसरा अर्धा पुढच्या पिढ्यांसाठी जपून ठेवला जातो. अटलांटिक, आर्क्टिक आणि भूमध्य समुद्रांतील कोअर येथे आहेत. हिंदी महासागरातील कोअर मात्र जपानमधील कोची येथे ठेवले जातात. हे कोची केरळातील नव्हे, एवढे घरच्या मंडळींना मला दर वेळी सांगावे लागते.

घरून फोन आला की आई नेमके विचारते, "आज कुठला चिखल पाहिलास?" तिचा प्रश्न मनापासूनचा असतो आणि दूरध्वनीवर त्याचे उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी ज्या गाळावर काम करते तो पोर्तुगालच्या नैर्ऋत्य किनाऱ्यासमोरचा आहे. नोव्हेंबर २०११ मध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' या जहाजाने तेथे अडीच किलोमीटरहून अधिक खोल पाण्याखाली छिद्रे घेतली आणि सुमारे १४ लाख वर्षांचा अखंड गाळ वर काढला. या ठिकाणाचा अधिकृत क्रमांक यू १३८५ असला, तरी सगळे त्याला 'शॅकल्टन स्थळ' म्हणतात. केंब्रिजचे निक शॅकल्टन यांनी याच किनाऱ्यासमोरच्या गाळाचे महत्त्व जगाला दाखवून दिले होते. येथे दर हजार वर्षांत दहा-अकरा सेंटिमीटर गाळ साचतो, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये साधारण एक शतक मावते. भर समुद्राच्या तळाशी एवढ्याच जाडीच्या थरात कित्येक शतके एकमेकांत मिसळून गेलेली असतात, हे लक्षात घेतले की या गाळाचे मोल कळते.

त्या एका सेंटिमीटरमध्ये दोन वेगवेगळ्या जगांतून आलेल्या वस्तू शेजारी शेजारी पडलेल्या असतात. पहिली वस्तू समुद्राची असते. फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय जीव चुनखडीचे इवलेसे कवच बांधतात आणि मेल्यावर ती कवचे तळाशी साचतात. समुद्राच्या पाण्यातील ऑक्सिजनचे दोन प्रमुख समस्थानिक असतात, एक हलका आणि एक जड. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन असलेले पाणी अधिक सहज उडून जाते. हिमयुगात ते बर्फाच्या रूपाने जमिनीवरच अडकून पडते आणि समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते. तळाशी राहणाऱ्या फोरामिनिफेरांच्या कवचात हे प्रमाण नोंदले जाते. त्या काळी जगात किती बर्फ साठला होता, याचा हिशेब त्यावरून मांडता येतो. त्यात तळाच्या पाण्याच्या तापमानाचाही वाटा असतो, तो वेगळा काढावा लागतो. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, इतके पाणी बर्फात अडकले होते की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती.

दुसरी वस्तू जमिनीची असते, ती म्हणजे परागकण. या किनाऱ्यावर वारा बहुतेक समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, त्यामुळे वनस्पतींचे परागकण येथे मुख्यतः ताहो आणि सादो या नद्यांच्या पाण्यातून येतात. परागकणाचे बाह्यकवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते. ते इतके चिवट असते की खनिजे विरघळवणाऱ्या आम्लांतूनही तगून राहते, आणि आमची सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे. दोन-तीन घन सेंटिमीटर गाळ घ्यायचा, हायड्रोक्लोरिक आम्लाने त्यातील चुना काढायचा, मग हायड्रोफ्लोरिक आम्लाने वाळू आणि माती विरघळवायची. हे दुसरे आम्ल काचही खाते आणि त्वचेतून आत शिरते. म्हणून त्या दिवशी प्लॅस्टिकची भांडी, जाड हातमोजे, चेहऱ्यावर ढाल आणि सोबतीला दुसरी व्यक्ती, याशिवाय प्रयोगशाळेचे दार उघडले जात नाही. सुरुवातीलाच नमुन्यात लायकोपोडियम वनस्पतीच्या मोजलेल्या बीजाणूंची एक गोळी टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बीजाणू किती सापडले, यावरून मूळ गाळात परागकण किती होते हे काढता येते. शेवटी उरतो तो नळीच्या तळाशी बसलेला चिमूटभर काळपट साका. तो ग्लिसरीनमध्ये कालवून काचपट्टीवर घ्यायचा आणि चारशेपट मोठा करून एकेक कण ओळखत मोजायचा. एका नमुन्याला कधी एक दिवस लागतो, कधी तीन.

ओळखीची झाडे थोड्याच दिवसांत डोळ्यांत बसतात. उबदार आणि ओलसर काळात ओक, ऑलिव्ह आणि पिस्त्याच्या कुळातील झुडपे दिसतात. थंड आणि कोरड्या काळात ती घटतात आणि त्यांच्या जागी आर्टेमिशिया आणि किनोपोडियम यांचे राज्य येते. ही परकी वाटणारी नावे आपल्या फार जवळची आहेत. ज्योतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा आर्टेमिशियाच आहे आणि आपण पातळ भाजी करतो तो चाकवत किनोपोडियमच. जाती अर्थातच वेगळ्या आहेत, पण कणावरून जात ओळखता येत नाही, प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, किंवा कुळापर्यंतच पोहोचता येते. हिमयुगातील सर्वांत कडक टप्प्यांमध्ये पोर्तुगाल आणि नैर्ऋत्य स्पेनच्या जमिनीवर अशाच अर्ध-वाळवंटी झुडपांचे माळ पसरले होते.

हे टप्पे नेमके कोणते, ते त्याच नमुन्यातील इतर वस्तू सांगतात. १९८८ मध्ये जर्मन संशोधक हार्टमुट हाइनरिख यांनी ईशान्य अटलांटिकच्या गाळात वाळूखड्यांचे वेगळे थर असल्याचे दाखवले. हे खडे तेथपर्यंत वाहून नेणे पाण्याच्या प्रवाहाला शक्य नव्हते. उत्तर अमेरिकेवरील हिमस्तर हडसन उपसागराच्या बाजूने कोसळत असे, त्यातून हिमनगांचे तांडे अटलांटिकभर पसरत आणि वितळता वितळता पोटातील दगड खाली टाकत जात. त्या थरांमध्ये लिस्बनच्या अक्षांशाइतक्या दक्षिणेलाही ध्रुवीय पाण्यात राहणारी, डावीकडे वळणारी फोरामिनिफेराची कवचे सापडतात आणि त्याच सेंटिमीटरमध्ये ओकचे परागकण तुरळक होतात. समुद्र गारठला तेव्हा जमीन कोरडी पडली, हे येथे एकाच चमच्यात हाती येते.

मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे. जमिनीवरच्या तळ्यांतही परागकणांचे उत्तम थर आहेत, परंतु वय ठरवण्याची कार्बन-१४ ची पद्धत सुमारे ५०,००० वर्षांच्या पलीकडे चालत नाही. तळ्याचा एक इतिहास आणि समुद्राचा दुसरा इतिहास शेजारी ठेवायला गेले की दोन्हींच्या कालगणनेतील चूक हजारो वर्षांची असू शकते, आणि आधी काय घडले, नंतर काय, हे ठरवता येत नाही. एकाच गाळस्तंभात मात्र क्रम ठरवायला वर्षांची गरजच नसते, कारण खालचे आधीचे आणि वरचे नंतरचे. याचा सर्वांत सुंदर दाखला १९९५ मध्ये 'मारिओं द्युफ्रेन' या फ्रेंच जहाजाने याच किनाऱ्यासमोरून काढलेल्या एका कोअरमध्ये मिळाला. शेवटच्या हिमयुगापूर्वीच्या उबदार काळाला जमिनीवर 'एमियन' म्हणतात. हे नाव नेदरलँड्समधील एम नदीवरून आले आहे आणि त्या काळाची ओळख रानांच्या परागकणांवरून ठरते. समुद्रात तोच उबदार काळ ऑक्सिजनवरून ठरवला जात असे आणि दोन्ही एकच आहेत असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले होते. मारिया फर्नांदा सांचेझ गोन्यी, शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या एका कोअरमधील परागकण आणि कवचे समोरासमोर ठेवली, तेव्हा ते गृहीतक टिकले नाही. समुद्रातील टप्पा साधारण १,३२,००० ते १,१५,००० वर्षांपूर्वीचा निघाला, तर रानांचा काळ साधारण १,२६,००० ते १,१०,००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे उत्तरेकडे बर्फ पुन्हा साचू लागल्यानंतरही दक्षिण युरोपातील रान सुमारे ५,००० वर्षे उभे होते. हे प्रथम वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नव्हती.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या प्रामाणिकपणे मोजाव्या लागतात. पाइनच्या परागकणाला दोन हवेच्या पिशव्या असतात, त्यामुळे तो पाण्यावर तरंगत फार दूर जातो आणि समुद्राच्या गाळात वाजवीपेक्षा जास्त भरतो. म्हणून टक्केवारी काढताना पाइन बेरजेबाहेर ठेवतात. ते योग्यच आहे, पण त्यामुळे पाइनची खरी रानेही आपल्या नजरेआड होतात, हे आलेख वाचताना मी विसरत नाही. शिवाय नदी तिच्या संपूर्ण खोऱ्यातील कण एकत्र करते, त्यामुळे एखाद्या दरीचे किंवा डोंगरउताराचे वेगळे चित्र मिळत नाही.

आपल्या अरबी समुद्राचा याच्याशी थेट संबंध आहे. १९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरील गाळात दाखवले, की मान्सून जोरात असताना तेथे पातळ पट्ट्यापट्ट्यांचा गाळ साचे, कारण तळाशी प्राणवायू कमी असल्याने गाळ ढवळणारे जीव तेथे जगत नसत. हाइनरिखच्या थंड टप्प्यांमध्ये मान्सून मंदावला आणि त्या पट्ट्या नाहीशा झाल्या. त्याआधी १९८६ मध्ये एलिझ व्हान कांपो यांनी नैर्ऋत्य भारतासमोरच्या दोन कोअरमधील परागकण मोजले होते. हिमयुगाच्या कोरड्या काळानंतर पाऊस वाढत गेला, तसे त्या गाळात खारफुटीचे कण वाढत गेलेले दिसतात. माझे बालपण दाभोळच्या खाडीकाठी गेले. तेथील कांदळवनाचे परागकण समुद्रतळाशी जाऊन हजारो वर्षे टिकतात, हे मला लहानपणी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. हिमयुगात मुंबई हायचा भाग, जेथे आज सुमारे ७५ मीटर पाणी आहे, कोरडी जमीन होता आणि तेव्हाची कांदळवने आजच्या किनाऱ्यापासून फार दूर, पश्चिमेला असली पाहिजेत.

सध्या माझ्या टेबलावर सुमारे ३९,००० वर्षांपूर्वीच्या चौथ्या हाइनरिख टप्प्याच्या अखेरीचे नमुने आहेत. एकेक सेंटिमीटरच्या अंतराने बारा नळ्या रांगेत लावून ठेवल्या आहेत. मी खालून वर मोजत आले आहे आणि आतापर्यंत दवणा आणि चाकवत यांच्याच कुळांची गर्दी आहे. ओक कोणत्या नळीत परततो आणि त्याच नळीत ध्रुवीय कवचे आहेत की नाहीत, हे पाहायचे आहे. उद्या सकाळी सातवी नळी घेणार आहे.